गावकीच्या टोपातून भांडेकोंड

आमच्या घराण्यात तांब्याच्या टोपात बसून जलप्रवास केलेला मी पहिला आणि आजपर्यंत तरी शेवटचा माणूस आहे.

हे मी प्रौढीने सांगत नाही. मी महाडला राहतो, बांधकाम खात्यात रस्त्यांची आणि मोऱ्यांची मापं घेतो. कोणी 'बराच लांब' किंवा 'चांगला खोल' असं म्हटलं की मी तिथंच अडतो. बराच म्हणजे किती? चांगला म्हणजे काय? (आमच्या लग्नात भटजींनी 'थोडं पुढे सरका' असं सांगितलं तेव्हाही मी 'किती?' असं विचारलं होतं, हे मंदा अजून लोकांना सांगते.) या स्वभावामुळेच मी टोपात बसलो. नाहीतर बसण्यासाठी सासुरवाडीत पाट होते.

माझी सासुरवाडी टेपवाडी. पोलादपूरहून निघून डोंगराकडे चढत जायचं, मध्ये सावित्री नदी ओलांडायची, की थोडी घरं दिसतात. त्या मे महिन्यात आम्ही तिथं लग्नाला गेलो होतो. लग्न होतं धोंडूतात्यांच्या सुमनचं. धोंडूतात्या म्हणजे गावकीचे प्रमुख. वाडीत ते नुसते खाकरले तरी लोक उठून उभे राहत.

त्याच सुमारास माझा मेहुणा विलासही सुट्टीवर आला होता. विलास हा मंदाचा धाकटा भाऊ, परदेशी जहाजावर नोकरीला. त्याच्या कमरेला मोबाईल होता. त्या काळात पोलादपूरच्या पुढे मोबाईल फक्त कमरेलाच असायचा, त्याचा दुसरा काही उपयोग नव्हता. त्याने सोबत फोटोंचा अल्बम आणला होता, आणि पाण्यात बुडी मारायचा चष्मा, श्वासाची नळी आणि बदकाच्या पायांसारखे रबरी बूटही आणले होते.

अल्बममधला एक फोटो त्याने आम्हा सगळ्यांपुढे धरला. फिकट निळा समुद्र आणि त्याच्या मधोमध कंपासने काढावा तसा गडद निळा गोल.

"हे काय?" मी विचारलं.

"भोक," विलास म्हणाला.

"कशातलं?"

"समुद्रातलं. समुद्राच्या पोटात विहीर समजा, दाजी. जमीन खचून झालेली. जगातून टुरिस्ट येतात. पाठीवर सिलिंडर बांधतात न आत उतरतात."

सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "आत काय गावतं?"

"काय नाय."

"मग जातात कशाला?"

"खोल हाय म्हणून."

"खोल तर आपला भांडेकोंड पन हाय," सासूबाई म्हणाल्या आणि एक खडा बाजूला टाकला.

पुढे जे काही झालं त्याची सुरुवात त्या खड्यापासून झाली, असं माझं स्पष्ट मत आहे. सासूबाईंना ते मान्य नाही.

भांडेकोंड हा वाडीच्या खालचा सावित्रीतला डोह. बाकी नदी मे महिन्यात गुडघ्याएवढी होते, पण कोंडाचं पाणी काळंशार आणि तस्संच. पूर्वी म्हणे वाडीत लग्न असलं की आदल्या संध्याकाळी कोंडावर सुपारी आणि कुंकू ठेवून भांडी मागायची. सकाळी काठावर टोप, पराती, पळ्या, सगळं मांडलेलं असायचं. लग्न आटोपलं की त्याच दिवशी भांडी पाण्यात परत सोडायची. पुढे कोणीतरी एक पळी घरात ठेवून घेतली आणि कोंड रुसला. भांडी यायची बंद झाली. (पळी कोणी ठेवली हे वाडीतल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे, आणि प्रत्येक घर शेजारच्या घराचं नाव सांगतं.) तेव्हापासून गावकीने वर्गणी काढून स्वतःची भांडी केली. त्यातला मोठा टोप, ज्यात अख्ख्या लग्नाचा भात शिजतो, तो दर वर्षी एका घराकडे सांभाळायला असतो. त्या वर्षी तो मान सासूबाईंकडे होता. त्यांनी तो चिंचेने घासून मागच्या पडवीत पालथा घातला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होत्या.

विलासच्या डोक्यात मात्र कोंड शिरला होता. "दाजी, रायगड बघायला पाचाडला गाड्या येतात, महाबळेश्वरला जाणारे आपल्या पोलादपूरवरून जातात. त्यांना इथं वळवायचं. नाक्यावर बोर्ड लावायचा. पन बोर्डावर खोली लिहायला पायजे. किती खोल हाय कोंड?"

"सात बाजांचं सुंभ सोडलं तरी तळ लागत नाय," सासूबाई म्हणाल्या.

"आई, ते माप झालं का?" मी म्हणालो. "बाज केवढी? विणकर कोण? सैल विणली की घट्ट?"

"मग तुमी मोजा," विलास म्हणाला.

या वाक्याला नाही म्हणणं मला आजवर जमलेलं नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी सासूबाई आणि मंदा तात्यांकडे कामाला गेल्या आणि आम्ही कामाला लागलो. दोरीला फुटाफुटावर गाठी मारल्या. टोकाला वजन म्हणून सासूबाईंचा वरवंटा बांधला. आता माप घ्यायचं ते मधोमध, हे कोणीही मान्य करेल. काठावर बसून खोली मोजणं म्हणजे पायरीवर उभं राहून माडी मोजण्यासारखं. पण डोंगरातल्या वाडीत होडी कुठली? मला पोहता येत नाही. विलास इकडं बघत होता, तिकडं बघत होता, आणि मग आम्ही दोघांनी एकाच वेळी पडवीकडे पाहिलं.

"धुऊन ठेवू," विलास म्हणाला.

टोपात बसण्याची एकच पद्धत आहे. आधी बूड, मग पाय, मग गुडघे कानाला लावायचे आणि श्वास बेताने घ्यायचा. टोप तरंगला, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. विलास चष्मा लावून, नळी तोंडात धरून मागून ढकलू लागला. मधोमध पोचल्यावर मी वरवंटा सोडला आणि गाठी मोजायला सुरुवात केली.

इथं मला एक गोष्ट कळली, जी आमच्या खात्याच्या कुठल्याही पुस्तकात दिलेली नाही. गोल भांड्यातून दोरी सोडली की भांडं फिरतं. दोरी खाली चालली होती आणि मी गोल फिरत होतो. समोर वडाचं झाड आलं, मग कातळ, मग विलासचं डोकं, मग पुन्हा वड. मी खोली मोजतो आहे की घेर, हे मलाच कळेना! मोजलेली गाठ पुन्हा मोजली की न मोजलेली सुटली याचा पत्ता नाही. तेवढ्यात वरवंटा खाली कुठेतरी फटीत अडकला. मी दोरी ओढली, टोप कलला. मी दोरी सोडली, टोप सावरला. दोरी वरवंट्यासकट गेली.

"किती झालं?" विलासने नळी काढून विचारलं.

"मला उलटी होतेय," मी म्हणालो.

त्याने मला पलीकडच्या कातळाच्या आडोशाला नेलं. मी चार पायांवर कातळावर चढलो आणि डोळे मिटून पडलो. जग बराच वेळ फिरत राहिलं. (बराच म्हणजे किती, ते कृपया विचारू नका.) विलास माझ्या पाठीवरून हात फिरवत बसला. टोप कोणी धरला आहे का, हा प्रश्न आम्हा दोघांनाही सुचला नाही.

टोप निघाला आपल्या वाटेने. वाऱ्यावर हळूहळू फिरत फिरत तो अलीकडच्या काठाला गेला. तिथं बाळीकाकी धुणं धूत होती. बाळीकाकी म्हणजे वाडीतली सगळ्यात वयस्क बाई. लहानपणी कोंडाची भांडी डोळ्यांनी पाहिल्याचं सांगणारी ती एकटीच उरली होती. लग्नाच्या आदल्या दिवशी, काळ्या पाण्यावरून, रिकामा, लखलखीत घासलेला, भात शिजवायच्या मापाचा टोप तिच्याकडे येताना तिने पाहिला.

आम्ही दोघं उतारावरून चालत, नदी ओलांडून अलीकडे येईपर्यंत निम्मी वाडी काठावर जमली होती. टोपाला पाच बोटं कुंकवाची लागली होती. तात्या डोक्यावरची टोपी काढून उभे होते. बाळीकाकी रडत होती.

"कोंडाचा राग गेला गो बायांनो," ती म्हणत होती. "माज्या जितेपनी गेला."

मी पुढे झालो. माझा स्वभाव सरळ आहे. "तात्या, हा टोप गावकीचाच आहे. मी आत्ता त्यात बसून कोंडातून आलो."

सगळा काठ हसला. सासुरवाडीत जावयाने काहीही सांगितलं तरी ती थट्टाच असते, हे माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं.

"जावय लय गमत्या हाय," कोणीतरी म्हणालं.

"अहो, कडेला पोचा बघा. गावकीच्या टोपालाही तिथंच पोचा आहे."

तात्यांनी वाकून पोचा पाहिला. हात जोडले. "पोच्यासकट दिलान," ते गहिवरून म्हणाले. "आपल्याला कसा लागतो ते कोंडाला बरोबर ठाव."

एवढ्यात सासूबाई आल्या. तात्यांनी त्यांना विचारलं, "वयनी, गावकीचा टोप कुठं हाय?"

"माज्या पडवीत पालथा. सकाळीच हात लावून आले," सासूबाई म्हणाल्या. खणखणीत आवाजात, सगळ्यांसमोर. झालं! आता यावर मी बोलणं म्हणजे वाडीसमोर सासूला खोटं पाडणं. विलास माझ्या पायावर पाय देऊन उभा होता. रबरी बुटासकट.

घरी गेल्यावर सासूबाई पडवीत गेल्या. बाहेर आल्या. त्यांनी विलासकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या ओल्या लेंग्याकडे पाहिलं.

"तुमी खरंच बसलावता?"

"मी तेच सांगत होतो, आई."

"आनि माजा वरवंटा?"

विलास खाली वाकून रबरी बूट काढायला लागला.

सासूबाई उंबऱ्यावर बसल्या. टोप सांभाळायचा मान त्यांना नवरा गेल्यावर पहिल्यांदाच मिळाला होता. बाईमाणसाकडे टोप द्यावा की नाही यावर गावकीत दोन बैठका झाल्या होत्या. टोप गमावला, की त्यात कोणी बसलं, यांतलं काहीही बाहेर पडलं तर पुन्हा त्यांचं नाव कोणी घेणार नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, "आता तोंड उघडू नका जावयबापू. हात जोडते."

मी तोंड मिटलं, पण हिशेब मिटेना. टोप होता एक. वाडीच्या मते होते दोन. मी आयुष्यभर मापात चूक काढली, पण असलेल्या वस्तूची नसलेली जोडी कुठं मांडायची हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

संध्याकाळी तात्या दारात. "वयनी, भात कोंडाच्या टोपात करू. गावकीचा वरनाला द्या."

"तो कल्हईला दिलाय. महाडला."

"सकाळी पालथा होता म्हनलीस."

"दुपारी दिला."

"कोनासंगती?"

"जावयासंगती."

मी महाडला जाऊन आलो हे मला असं कळलं. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्यासमोर चटईवर पोहे खात बसलो होतो.

"परत पन आलात?"

"उभ्या उभ्या," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातलं हे पहिलं मोघम उत्तर.

त्या रात्री कोंडाच्या टोपाला घासायचा मान मिळावा असा सासूबाईंनी हट्ट धरला. वाडीला त्यांची भक्ती वाटली. त्यांनी चिंच लावली, राख लावली, पुन्हा चिंच लावली, आणि घासताना माझं नाव घेत नव्हत्या, पण दात आवळलेले होते.

लग्न छान झालं. भात मोकळा शिजला. पंगतीला बसलेला प्रत्येक माणूस पहिला घास कपाळाला लावून म्हणत होता, "चवच येगळी." मंदा वाढायला आली तेव्हा मी भात नको म्हणालो. ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "गुपचूप खा. तुम्ही नाही खाल्लात तर लोकांना वाटेल भातात काहीतरी आहे." मी खाल्ला. जावई म्हणून आग्रह झाला, पुन्हा खाल्ला. लाडू खाल्ले. पुन्हा भात.

हात धुताना तात्यांचा आवाज आला. "चला रे, वाजंत्र्यांना थांबवा. टोप कोंडाला परत करायचा हाय. आता चूक नाय करायची."

हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं! कोंडाचं भांडं त्याच दिवशी परत करायचं असतं. म्हणजे गावकी स्वतःचा एकुलता एक टोप स्वतःच्या हाताने, वाजत गाजत, तळ न लागणाऱ्या पाण्यात बुडवणार होती. आणि उद्या सासूबाईंकडे येऊन म्हणणार होती, कल्हई झाली का?

मी विलासला गोठ्यामागे ओढलं. "तू आहेस म्हणून बरं. त्यांना बुडवू दे. नंतर तू आत उतर आणि काढ."

विलास जमिनीकडे बघायला लागला.

"काय झालं?"

"दाजी, मी कधी आत गेलो नाय."

"त्या समुद्रातल्या भोकात?"

"कशातच. आमच्या बोटीवरून टुरिस्ट उड्या मारायचे. मी वर आम्लेट करायचो. ते वर आले की त्यांना भूक लागायची."

"आणि हा चष्मा?"

"एक साहेब इसरून गेला."

वाजंत्री वाजू लागली होती. टोपात नारळ, सुपारी, खण ठेवला होता आणि दोघांनी कड्यांतून बांबू घालून तो उचलला होता. मागे अख्खी वाडी आणि नवऱ्याकडची, वरंध गावची मंडळी. कोंडाच्या काठावर टोप ठेवला. बाळीकाकीने ओवाळला. तात्यांनी कडीला हात घातला.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या.

सगळे थांबले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "जावय काल काय बोलले ते आयका. ती थट्टा नवती."

मी पुढे झालो आणि कालचंच वाक्य पुन्हा सांगितलं. होडी नव्हती, पोहता येत नाही, मधोमध मोजायचं होतं, सगळं ओळीने. या वेळी कोणी हसलं नाही. नवऱ्याचे वडील आपल्या पोटावर हात ठेवून उभे राहिले.

तात्यांनी टोपाकडे पाहिलं. मग मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "कसं शक्य हाय? तुमी मावनार नाय त्यात."

"मावलो होतो."

"दाखवा."

टोपातलं सामान काढलं. मी चपला काढल्या (का, ते विचारू नका, टोप असला तरी तो देवाचा होता) आणि आदल्या दिवशीच्या पद्धतीने निघालो. आधी बूड, मग पाय, मग गुडघे. कालच्यापेक्षा आज मध्ये लग्नाची पंगत होती, त्यामुळे शेवटचा भाग जरा रेटावा लागला. पण मावलो. कडेपर्यंत, चहूबाजूंनी, कुठे बोट घालायला जागा नाही असा.

लोक टोपाभोवती फिरून बघत होते. वरंधच्या एका बाईने पोराला उचलून दाखवलं.

"पटलं?" मी विचारलं.

"पटलं. उठा," तात्या म्हणाले.

मी उठायचा प्रयत्न केला. टोप माझ्याबरोबर उठला.

विलासने एक हात धरला, तात्यांनी दुसरा. दोघांनी टोप खाली दाबला. शेवटी बांबूवाल्या दोघांनी टोप आडवा केला, आणि वाजंत्री, वऱ्हाड, गावकी यांच्या देखत मला उतारावरून हळूहळू लोळवलं. अर्ध्या वाटेत मी निघालो. टोप वेगळा, मी वेगळा. सनईवाल्याने इतका वेळ दाबून धरलेला श्वास चुकून सनईतच सोडला.

बाळीकाकी पहिली बोलली. "म्हंजे कोंडानं दिला नाय," ती म्हणाली. तिच्या आवाजाने मला जेवढं वाईट वाटलं तेवढं लोळण्याने वाटलं नव्हतं. मग ती माझ्याजवळ आली, माझ्या गुडघ्याची माती झाडली आणि म्हणाली, "पन तुमाला बुडवलान पन नाय. म्हंजे राग गेलाच म्हनायचा." आणि तिने सोबतचा नारळ पाण्यात सोडला.

राहिला निकाल. सासूबाई पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. तात्यांनी नवऱ्याच्या वडिलांकडे पाहिलं. त्यांनी ढेकर दिला आणि म्हणाले, "भात चांगला होता." तेव्हा तात्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं दिसलं.

"बाईनं शेवटी खरं ते मदी पडून सांगितलान," तात्या म्हणाले. "टोप वयनीकडंच ऱ्हाईल. फुडल्या वर्षी पन." सासूबाईंनी डोळे पुसले. "पन जावय येनार असले की आधी सांगायचं. तेवढे दिवस टोप माज्याकडं."

हा ठराव गावकीने अजून पाळला आहे. आम्ही टेपवाडीला जायला निघालो की आमच्या आधी टोप निघतो.

कोंडाची खोली काही कळली नाही. विचारलं की वाडीत आजही सात बाजांचं सुंभच सांगतात, आणि मला आता त्यावर बोलण्याचा अधिकार उरलेला नाही. टोपाचं माप मात्र कायमचं ठरलं. लग्नात आचारी विचारतो, यात तांदूळ किती बसेल, आणि बायका न हसता सांगतात, "एक जावय." मंदाचं म्हणणं, हे माप आता बदलायला हवं, कारण जावई त्या टोपात बसायचा बंद होऊन बरीच वर्षं झाली. बरीच म्हणजे किती, असं मी विचारलं. तिने माझ्या पोटाकडे बोट दाखवलं.